न उठणारा अंगठा

ती घटना आठवली की मला आधी हसू येतं आणि मागोमाग घाम फुटतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्त केले. पण निवृत्तीनंतर कुणी ‘साहेब, एखादी केस सांगा’ म्हणालं, की तोंडात येते ती ही एका म्हातारीच्या अंगठ्याची केस. नाव कुणाचंच सांगणार नाही, गावाचंही नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील आणि ओळखून गप्प बसतील, एवढी माणुसकी त्या भागात आहे.

कर्जतहून खालापूरकडे जाताना मोठा रस्ता सोडून डोंगराच्या अंगाला वळलं, की एक छोटी पेठ लागते. मी तिथे सहायक पोलीस निरीक्षक म्हणून ठाण्याचा प्रभारी होतो. पेठेला नगरपंचायतीची पाटी नवीन लागली होती, पण तिचा संसार जुनाच, कोळशावर चाललेला. खाणीचा कोळसा नव्हे, लाकडाचा. आसपासच्या खाजगी रानांत भट्ट्या लागायच्या, माल पेठेतल्या वखारींत यायचा आणि तिथून टेंपोने मुंबईच्या हॉटेलांच्या तंदुरांत जायचा. मध्यंतरी धंदा बसला होता. मग शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येऊन जाळीवर कोंबड्या भाजणाऱ्या लोकांनी त्याला परत उभं केलं. त्या पेठेत घरांच्या भिंती पुरुषभर उंचीपर्यंत काळ्या. पांढरं मांजर मी तिथे कधी पाहिलं नाही, असेल तर त्याला स्वतःलाही ते माहीत नसणार.

ही म्हातारी मला पहिल्यांदा भेटली ती फिर्यादी म्हणून. सकाळच्या हजेरीच्या वेळी नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली. ठाणे अंमलदाराने ‘आजी, बसा’ म्हटलं, तर त्यालाच म्हणाली, “तू बस. मला सायबाशी बोलायचं हाय.”

“बोला आजी, काय तक्रार?”

“त्या रेशनच्या मशीनवर केस घाल.”

“मशीनवर?”

“मंग? मी जित्ती हाय, तुज्यासमोर उभी हाय. आन् ती मशीन म्हनते ही बाय ती नायच! धा येळा अंगठा लावला. दुकानदार म्हनतो तेल लाव, लिंबू चोळ. रं, मी काय लोनचं घालाय आलेय का?”

सगळं ठाणं हसलं. मी तिचा हात हातात घेऊन पाहिला. जन्मभर उघड्या हातांनी कोळसा निवडलेला, फोडलेला, पोत्यांत भरलेला. अंगठ्याची कातडी घासून दगडासारखी गुळगुळीत झाली होती, रेषा म्हणून शिल्लक नव्हती. पेठेतल्या बऱ्याच बायांचं हेच रडगाणं होतं, पण हिचा अंगठा सगळ्यांत कोडगा. मी दुकानदाराला बोलावून दुसऱ्या मार्गाने धान्य द्यायला लावलं. तेव्हापासून बाजारात दिसली की ती लांबून ओरडायची, “सायबा, मशीनला धरलं का नाय अजून?” मीही म्हणायचो, “फरार आहे, आजी.”

नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच लेक, तीही पोशीरला दिलेली, चाळिशीची संसारी बाई. म्हातारी एकटीच राहायची आणि एकटीच भट्टी लावायची. जमीन तिच्या एकटीच्या नावावर. तिच्या बापाने लग्नात लेकीला दिलेला डोंगराच्या पायथ्याचा तुकडा. तेव्हा त्या माळाला कुणी कुत्रं विचारत नव्हतं. मग त्याच्या कडेने रुंद रस्ता गेला, समोर धबधबा दिसतो असा शोध मुंबईच्या लोकांना लागला आणि प्लॉटचे दलाल म्हातारीच्या भट्टीभोवती घिरट्या घालायला लागले. म्हातारी त्यांना कोळशाचं पोतं दाखवायची. “हे न्या. जमीन मिलनार नाय.”

उन्हाळा तोंडावर आला होता. एका सकाळी पेठेतून फोन गेल्यावर तिची लेक पोशीरहून ठाण्यात आली. रिक्षातून उतरून धावतच. “सायेब, माजी आय नाय सापडत.”

आमचा हवालदार जुना माणूस, वाईट नाही, पण त्याच्या मते हरवलेलं प्रत्येक म्हातारं माणूस देवाला गेलेलं असतं. तो म्हणाला, “अगं, गेली असेल कुठंतरी दर्शनाला. येईल दोन दिसांत.”

लेक त्याच्यावर अशी उसळली की तो खुर्चीसकट मागे सरकला. “भट्टी पेटलेली हाय, हवालदार! पेटली भट्टी टाकून माजी आय देवाला नाय जायची. बाबा गेले तवा पन भट्टीपाशी मानूस बसवून मंग रडाया बसली ती!”

मी कडावच्या बाजूचा, भातशेतीच्या घरातला. कोळशातलं मला फारसं कळत नाही, पण विस्तवाशी खेळणाऱ्या माणसांची शिस्त मला ठाऊक आहे. लाकडं रचायची, वर पाला आणि माती थापायची, आत विस्तव सोडायचा आणि मग आठवडा-आठवडा तिथून हलायचं नाही. माती कुठे फाटली आणि वारा आत शिरला, की सगळ्या लाकडाची राख. म्हणून त्या पेठेत पेटलेली भट्टी कुणी एकटी सोडत नाही. जेवण तिथे, झोप तिथे, भांडणं तिथे. मी मिसिंग दाखल करायला सांगितली आणि जीप काढली.

भट्टीच्या एका अंगाची माती खचली होती आणि तिथून धूर भसाभस येत होता. लेकीने आल्याआल्या पदर खोचला, फावडं घेतलं आणि ओली माती थापायला लागली. रडत होती आणि थापत होती. मी झापाच्या खोपटात पाहिलं. घोंगडी, चहाचं पातेलं, अर्धवट खाल्लेली भाकरी. आणि उशाला मशेरीची डबी. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आमच्याकडच्या जुन्या बायांच्या दातांना लागल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. माझी आई मशेरी नसेल तर देवाशीही बोलायची नाही. म्हणजे म्हातारी भट्टी सोडून गेली, भाकरी सोडून गेली आणि मशेरीसुद्धा विसरली.

झटापटीची खूण मात्र कुठेच नव्हती. ना भांडं उपडं, ना बांगडीचा तुकडा.

तिथेच म्हातारीचा भाचा भेटला. तिच्या मयत भावाचा मुलगा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात चेन, पुढच्या निवडणुकीत वॉर्डातून उभं राहण्याची तयारी. शोधकार्याची सूत्रं त्याने आधीच हातात घेतली होती. पोरांना विहिरींकडे पिटाळत होता, ‘हरवली आहे’चे कागद छापून आणले होते आणि त्यावर आत्याच्या फोटोखाली स्वतःचंही नाव ठळक टाकलं होतं. मला पाहून त्याने डोळ्यांना रुमाल लावला. “साहेब, काही करा, पण आत्याला शोधा. आईच्या जागी आहे मला.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. शर्ट कडक होता, स्टार्चचा.

पुढचं सगळं नेहमीप्रमाणे केलं. विहिरी, ओढे, दवाखाने, एसटी स्टँड, कर्जत आणि पळसदरी स्टेशन. वायरलेस दिला, फोटो ग्रुपवर टाकला. म्हातारीकडे फोन नव्हता, त्यामुळे टॉवर लोकेशन वगैरे प्रकार नाही. दलालांना एकेक करून बोलावलं. त्यातला जास्त मागे लागलेला एक होता, त्याचा फोन बंद. बायको म्हणाली, नाशिकला गेलेत.

मी मात्र एकाच प्रश्नाशी अडलो होतो. ही बाई कशासाठी भट्टी सोडेल? जबरदस्ती झाली असती तर तिने निदान एकाचं तरी डोकं फोडलं असतं आणि तिची हाक पेठेपर्यंत आली असती. ती आपल्या पायांनी गेली होती, आणि तीही घाईने. जगात तिला अशी पळवू शकेल अशी एकच गोष्ट होती, तिची लेक. कुणीतरी येऊन ‘तुझ्या लेकीला काहीतरी झालंय’ असं सांगितलं असणार. आणि दलालाने सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता का? छे! त्याच्या हातचं पाणी ती प्यायली नसती. सांगणारा माणूस घरचा होता, आणि घरचा म्हणजे लेक सोडली तर भाचाच.

हे मी कुणाजवळ बोललो नाही. पोलिसाने आपला संशय शिजेपर्यंत झाकण काढू नये.

मग टिप आली. तालुक्याच्या गावी जमिनींची खरेदीखतं नोंदवण्याचं ऑफिस आहे. त्याच्यासमोर एक चहावाला. मी पूर्वी त्या गावी असताना त्याची ओळख झाली होती. बोलघेवडा, पण डोळ्यांना तिखट. त्याचा फोन आला.

“साहेब, तुमच्या ग्रुपवर म्हातारीचा फोटो फिरतोय ना? माझ्या मेव्हण्याने आत्ता दाखवला. ती बाई पाच-सहा दिसांमागं हितं आली व्हती. पांढऱ्या गाडीतनं. नवीकोरी साडी, पन हाताच्या भेगा काळ्याभोर. बरोबर तिघं जण.”

“ती ओरडली नाही? कुणाला काही म्हणाली नाही?”

“नाय ना! गप व्हती. पन साहेब, एक सांगू? ती हसत व्हती.”

“हसत?”

“ऐका तर. आत गेले, अर्ध्या तासानं बाहेर आले. त्या तिघांची तोंडं एरंडेल प्यायल्यागत. आतला क्लार्क चहाला आला, त्याला मी इचारलं. तो म्हनला, म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाय, आधारला जुळतच नाय. अंगठा जुळल्याबिगर दस्त होनार नाय म्हनून परत धाडलं. हाताला आराम द्या, तेल-मलम लावा, कातडी आली की घेऊन या. आन् म्हातारी गाडीत बसताना मला म्हनते, ‘रं बाबा, चिमूटभर मशेरी मिलंल का?’ मी बायकोच्या डबीतली दिली.”

मी फोन ठेवला आणि एकटाच टेबलावर थाप मारून हसलो. हवालदार दारातून डोकावला, त्याला वाटलं साहेब गेले कामातून. रेशनच्या दुकानात जो अंगठा तिला छळत होता, त्यानेच तिची जमीन वाचवली होती! चोरांनी सगळी तयारी केली. गाडी आणली, साडी आणली, कागद केले. फक्त कोळशाच्या पेठेतल्या बाईचा अंगठा उठत नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. दलाल बाहेरचा, त्याला कुठून कळणार! आणि भाचा पेठेतला असून त्याने जन्मात कोळशाला हात लावलेला नव्हता. रेशन आणायला त्याची बायको जायची.

पण हसू लगेच ओसरलं. क्लार्कने नियमाप्रमाणे काम केलं होतं, त्याबद्दल त्याचे उपकारच. पण त्याने नकळत चोरांना वाट दाखवली होती. म्हातारीचे हात कामावाचून राहिले, रोज तेलात मुरले, की कातडी परत येणार. अंगठा उठला की दस्त होणार, आणि दस्त झाला की म्हातारीची कुणाला गरज उरणार नव्हती. उलट ती तोंड उघडायला जिवंत राहणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्या अंगठ्यावर तिचा जीव टांगलेला होता. आता आमची शर्यत म्हातारीच्या कातडीशी होती.

अपहरणाचा गुन्हा दाखल केला. नोंदणी ऑफिसबाहेर साध्या वेशात दोन माणसं बसवली. पण तेवढ्यावर विसंबून चालणार नव्हतं. ते जिल्ह्यातलं दुसरं ऑफिस गाठू शकत होते, किंवा पोलिसाचा वास येऊन म्हातारीचं काही बरंवाईट करू शकत होते.

मी भाच्याला निरोप पाठवला, ‘तपासात मदत हवी आहे, जरा चहाला ये.’ आरोपी म्हणून बोलावलेला माणूस वकील घेऊन येतो, मदतीला बोलावलेला माणूस तोरा घेऊन येतो. हा तोरा घेऊन आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि ठाण्याचं रोजचं काम चालू ठेवलं. एका म्हशीच्या भांडणाचा निकाल लावला, दोघांच्या पासपोर्टचे जबाब पाहिले. अधूनमधून त्याच्याकडे बघून हसायचो.

इतक्या वर्षांत मी एक शिकलोय. ज्याचं माणूस खरंच हरवलंय तो पोलिसाला प्रश्न विचारून भंडावतो. तिकडे पाहिलंत का? थंडी वाजत असेल का हो तिला? जेवली असेल का? म्हातारीची लेक मला हेच विचारायची, तेही भट्टीवर माती थापता थापता. भाचा एकच प्रश्न विचारायचा, “साहेब, तपास कुठपर्यंत आला?”

“आला रे, जवळ आलाय,” मी म्हणालो. “तुझे ते फोटोचे कागद आणखी हवेत. खालापूरच्या बाजूला लावायचेत. आहेत?”

“आहेत ना, स्कूटरच्या डिकीत.” आणि बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. “म्हणजे... घरी आहेत बहुतेक. आणून देतो.”

“घरी कशाला? डिकीत बघू की.” मी उठलोच. “हवालदार, चला, ह्यांना मदत करा.”

चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते काही उगाच नाही. त्याने डिकी उघडताना किल्ली दोनदा खाली पाडली. आत कागदांचा गठ्ठा होता. त्याच्याखाली खोबरेल तेलाची मोठी बाटली, भेगांच्या मलमाचे डबे आणि मशेरीचं पुडकं.

“हे कुणासाठी?”

“बायकोसाठी. तिचे हात फुटतात.”

“आणि मशेरी?”

“तीही... बायकोलाच लागते.”

“बरं,” मी म्हणालो. “बस तू. अजून एक चहा घे.”

साक्षीदार बाईला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपायाला बरोबर घेऊन मीच त्याच्या घरी गेलो. बायको दारातच भेटली. नेटकी, बोलायला फटकळ. मी साधाच प्रश्न विचारला, “वहिनी, तुम्ही मशेरी कुठली लावता हो? आमच्या घरी हवी होती.”

बाईच्या अंगाची लाही झाली. “मशेरी? मी? सायेब, शिकलेली हाय मी! मी पेस्टनं दात घासते. आमच्यात मशेरी लावनारी एकच, ती आमची आत्याबाय...” आणि ती थांबली. हात तोंडावर गेला. मग हळूच म्हणाली, “कुनी सांगितलं मी लावते म्हनून? ह्यांनी?”

“त्यांनीच.”

ती उंबऱ्यावर मटकन बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “रोज डबा करून मागतात. कार्यकर्त्याला हवा म्हनतात. त्यात भाकरी मऊ कर म्हनले. कार्यकर्त्याला कवळी असती का, सायेब? मी इचारलं, तर माज्यावर हात उगारला. पलसदरीच्या धरनाकडं जातात एवढं ठावं हाय. आत्याबायला काय केलं नसंल ना त्यांनी?”

मी परत येऊन भाच्यासमोर फक्त मशेरीचं पुडकं ठेवलं. म्हटलं, “तुझी बायको पेस्टने दात घासते.”

आवाज चढवायची गरज पडली नाही. तो घडाघडा बोलला. पळसदरीच्या धरणामागे दलालाच्या ओळखीचं फार्महाऊस, एक राखणदार. ‘लेक पडली, दवाखान्यात आहे’ असं सांगून यानेच आत्याला गाडीत घातलं होतं. दलालाने त्याला निवडणुकीचा खर्च कबूल केला होता. गाडीत बसल्यावर दुसरं सांगितलं, तोंड उघडलंस तर लेकीच्या दारात आमची माणसं आहेत. नोंदणी ऑफिसात दलाल आणि साक्षीला आणलेली दोन माणसं गेली; हा मात्र गाडीतून उतरलाच नाही, तोंडाला रुमाल बांधून बसून राहिला.

“पुढची वेळ कधीची घेतलीय?”

त्याने मान खाली घातली. “आज. दुपारनंतरची. सकाळी मोबाईलवाल्याकडचं मशीन आणून बघितलं. अंगठा... उठला.”

माझ्या हातातला कप मी तसाच खाली ठेवला. दोन पंच गोळा केले, महिला शिपाई, चार जवान, आणि निघालो. सायरन लावला नाही. ड्रायव्हरला म्हटलं, “आज चलन फाटलं तर माझ्या नावावर फाड, पण गाडी पळव.”

फार्महाऊसच्या फाटकात पांढरी गाडी तोंड बाहेर करून उभी, इंजिन चालू. दलाल पुढच्या सीटवर, कागदांची फाईल मांडीवर. आमची जीप त्याच्या नाकाला नाक लावून थांबली. तो दार उघडून पळायला गेला आणि आमच्या एका जवानाच्या मिठीत पडला. राखणदार आधीच जमिनीवर बसून कान धरत होता. गाडीच्या मागच्या सीटवर म्हातारी. नवी साडी, केसांना तेल, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेले. आत मलम चोपडलेलं. मला पाहून तिने ते दोन्ही हात वर केले.

“आला का रं! मला म्हनायचास मशीन फरार हाय. हितं मी फरार झाले तरी तुला पत्ता नाय!”

मी पिशव्या सोडायला लागलो. “आजी, लागलं नाही ना कुठं? मारलं का?”

“मारतात कशाला? हातांना पानी पन लावू दिलं नाय. नवरीगत ठेवली मला. पन सायबा, माजी लेक?” एवढा वेळ ताठ असलेला तिचा आवाज तिथे फुटला. “माज्या लेकीला काय केलं नाय ना मुडद्यांनी?”

“लेक ठणठणीत आहे. तुमच्या भट्टीपाशी बसलीय, आल्यापासून हललेली नाही.”

म्हातारीने डोळे मिटले. मग एकदम उघडले. “मंग हितं काय बोलत बसलास? चल की! धूर निळा झाला असंल, आता भट्टी बुजवली नाय तर राख व्हईल.”

पंचनामा उरकल्याशिवाय मला हलता येत नव्हतं. तेवढ्या वेळात तिने पंचांनाही घाई केली. पेठेत बातमी आमच्या आधी पोचली होती. वखारींची दारं उघडी टाकून माणसं रस्त्यावर आलेली, बाया दारात. जीप थांबवून कुणी गुलाल टाकला, कुणी नारळ फोडला, वखारवाल्यांनी फटाक्यांची माळ लावली. आमचा हवालदार छाती फुगवून असा उभा, जसं पहिल्या दिवसापासून तोच म्हणत होता की ती देवाला गेलेली नाही. खरं सांगतो, अंगावर रोमांच उभे राहिले. नोकरीत पदकं मिळाली, पण त्या गुलालाची सर एकालाही नाही.

म्हातारीला त्यातलं काही दिसत नव्हतं. भट्टीपाशी जीप पोचली तेव्हा लेक फावडं टाकून धावत आली. काळंकुट्ट तोंड, त्यावर अश्रूंचे ओघळ. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, “मला सांगितलं तू पडलीस गं. मला सांगितलं तू पडलीस.” मग लेकीला बाजूला करून ती भट्टीभोवती फिरली. एका जागी वाकून माती पाहिली. “हितं फाटली व्हती?”

“व्हय. मी थापली.”

“बरी थापलीस,” म्हातारी म्हणाली. तिच्याकडून एवढी शाबासकी लेकीला उभ्या जन्मात मिळाली नसावी, कारण लेक पुन्हा रडायला लागली.

जबाब घेताना मी म्हातारीला विचारलं, “त्या ऑफिसात तुम्ही हसत होतात म्हणे?”

“मंग काय करू? ते म्हनले, अंगठा दे, नायतर लेकीला बघ. मी म्हनलं, घ्या की बाबांनो. मला ठावं व्हतं मशीनचं. त्या मशीननं मला येवढं रडवलं, त्या दिशी मातुर तिचा मुका घ्यावासा वाटला.” मग थोडं थांबून म्हणाली, “भाच्याला सोडू नको. पन त्याच्या बायकोला तरास देऊ नको. तिनं भाकऱ्या मऊ धाडल्या.”

खटला चालला, शिक्षा झाल्या. भाच्याच्या बायकोने कोर्टात न अडखळता साक्ष दिली. दलालाच्या वकिलाने मला विचारलं, “आपल्याला संशय नेमका कशावरून आला?” मी म्हणालो, “मशेरीवरून.” न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला, बहुधा हसू लपवायला.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी सांगतो. गुन्हेगार माणसाची जमीन मोजतो, वय मोजतो, एकटेपण मोजतो, पण त्याच्या कामाने त्याला काय करून ठेवलंय ते त्याच्या हिशेबात नसतं. पोलिसाच्या हिशेबात ते असलं पाहिजे. नव्या पोरांना मी हेच सांगायचो, माणसाचा जबाब घेण्याआधी त्याचे हात बघा.

आता त्या घामाचं सांगतो. त्याच दिवशी जबाब झाल्यावर, लेकीला भट्टीपाशी बसवून म्हातारीला घरी सोडायला निघालो, तर वाटेत रेशनचं दुकान लागलं. ती म्हणाली, “थांबव जरा. घरात दाना नाय.” दुकानदार तिला बघून खूश झाला आणि सवयीने दुसरा मार्ग काढायला लागला. म्हातारी म्हणाली, “आन ती मशीन हिकडं. आज माजे हात नवरीचे हायत.”

तिने अंगठा ठेवला. मशीनने एकदा ‘टीं’ केलं आणि पावती बाहेर आली. पहिल्याच दणक्यात.

दुकानातले लोक खो खो हसले. दुकानदार म्हणाला, “आजी, चोरांनी तुमचं एक काम तरी बरं केलं!” मीही हसायला तोंड उघडलं, आणि हसू घशातच राहिलं. धरणापाशी आमची जीप थोडी उशिरा पोचली असती, तर हाच आवाज दुसऱ्या ऑफिसात झाला असता. कपाळावर आलेला घाम मी टोपी काढून पुसला.

म्हातारी हसत नव्हती. ती आपल्या अंगठ्याकडे बघत होती. धान्याची पिशवी तिथेच ठेवून ती शेजारच्या वखारीत शिरली, कोळशाच्या ढिगासमोर बसली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. खळखळ आवाज करत ती कोळसे चोळत राहिली, तळवे काळे होईपर्यंत, भेगा भरेपर्यंत.

“आजी, अहो, आत्ताच तर मशीनने घेतला अंगठा!” दुकानदार ओरडला. “पुढच्या महिन्यात परत नाय घ्यायची!”

“नगं घेऊ दे,” म्हातारी म्हणाली. “रेशनला मी भांडून घेईन. पन हे कुलूप आता उघडं नाय ठेवायचं.”